इंदूर–नागपूर विमानप्रवास: अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घर ते घर हिशेब

इंदूरहून नागपूरला विमानाने किती वेळ लागतो, याची तीन उत्तरं मिळतात. अंतर मोजून देणाऱ्या संकेतस्थळावर अर्धा-पाऊण तास. तिकिटावर सव्वा तासाच्या आतबाहेर. आणि इंदूरच्या रामबागेतून नागपूरच्या धरमपेठेत जाऊन आलेल्या काकूंना विचारलं तर, "सगळी सकाळ गेली बघ!" खोटं कुणीच बोलत नाही, फक्त प्रत्येकाने घड्याळ वेगळ्या जागी सुरू केलेलं असतं. लग्नाला, मुलाखतीला किंवा कोर्टाच्या तारखेला जायचं असेल तर कामाचं उत्तर काकूंचं. ते उत्तर तिकीट काढण्याआधी, घरबसल्या, कागद-पेन्सिल घेऊन कसं काढायचं ते इथे सांगतो. उदाहरण इंदूर–नागपूरचं घेतलंय, कारण इंदुरातल्या मराठी घरांची ती नेहमीची वाट आहे. ग्वाल्हेर आणि बडोद्याचे आकडेही पुढे आहेत.

आधी सरळ रेषा

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या, शहरांचे नकोत. इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराच्या पश्चिमेला, बिजासनच्या बाजूला आहे. होळकर संस्थानाने १९३५ मध्ये तो बांधला. नागपूरचा सोनेगावला आहे. शहराच्या मध्यापासून मोजलं तर काही किलोमीटर इकडेतिकडे होतात.

इंदूर: २२.७२ उत्तर, ७५.८० पूर्व. नागपूर: २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व.

अक्षांशांतला फरक १.६३ अंश. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, म्हणून दक्षिणेकडचं अंतर झालं ९८ सागरी मैल. रेखांशांतला फरक ३.२५ अंश, पण इथे नुसतं ६० ने गुणून चालत नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात एक अंश ६० पेक्षा कमी भरतो. किती कमी, ते दोन्ही अक्षांशांच्या सरासरीचं कोसाइन सांगतं. सरासरी २१.९, तिचं कोसाइन ०.९३. (बहुतेक फोन आडवे धरले की कॅल्क्युलेटरवर हे बटण दिसतं, मोड डिग्रीत आहे ना, तेवढं बघा.) म्हणजे ३.२५ × ६० × ०.९३ = १८१ सागरी मैल पूर्वेकडे.

पुढे शाळेतला पायथागोरस. ९८ चा वर्ग अधिक १८१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: सुमारे २०६ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून ३८१ किलोमीटर. पृथ्वी गोल असली तरी एवढ्या जवळच्या अंतराला ही सपाट रीत चालून जाते. दिल्ली–लंडनला मात्र वापरू नका.

आकडेमोडीचा कंटाळा असेल तर संगणकावर गूगल मॅप्स उघडा, इंदूरच्या धावपट्टीवर राइट-क्लिक करून अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि नागपूरच्या धावपट्टीवर क्लिक करा. उत्तर तेच येईल.

रेषा आणि खरी वाट

नकाशावरची ही रेषा बघण्यासारखी आहे. इंदूर सोडल्यावर ती इंदिरा सागरच्या पाण्यावरून जाते, मग सातपुडा ओलांडते, बैतूल आणि मुलताई डावीकडे ठेवते आणि वरुडच्या संत्र्यांच्या पट्ट्यावरून महाराष्ट्रात शिरून काटोलजवळून नागपूरला पोचते. ओंकारेश्वर उजव्या हाताला राहतं. हवा स्वच्छ असेल तर उजवीकडची खिडकी मागून घ्यावी. उन्हाळ्यात सकाळच्या विमानात ऊन समोरून आणि डावीकडून येतं, हाही एक फायदा.

विमान मात्र ही रेषा जशीच्या तशी धरत नाही. मोठं कारण जमिनीवर रंगवलेलं असतं: धावपट्टीचा क्रमांक. इंदूरची धावपट्टी ०७/२५ आहे. या आकड्यांपुढे शून्य लावलं की दिशा मिळते. ०७ म्हणजे साधारण ७० अंश, पूर्वेकडे तोंड, आणि २५ म्हणजे २५० अंश, पश्चिमेकडे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. माळव्यात उन्हाळा-पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून विमान पुष्कळदा २५ वरून सुटतं. जायचं नागपूरला आणि नाक धारकडे! उंची घेतली की वळसा घालून ते पूर्वेला लागतं. खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं, पायलट रस्ता चुकला की काय.

नागपूरला मुख्य धावपट्टी १४/३२. इंदूरहून येणारं विमान साधारण ११८ अंशांवर येत असतं, म्हणून १४ वर उतरायचं असेल तर जवळजवळ सरळ आत येतं. ३२ वर उतरायचं असेल तर विमानतळ ओलांडून उमरेडच्या बाजूने फिरून यावं लागतं. दोन्ही टोकांना उलटी दिशा मिळाली की सात-आठ मिनिटं सहज वाढतात. अंतर तेच, कंपनी तीच, तरी काल लवकर पोचलो आणि आज उशिरा, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

विमान कोणतं, हे बघाच

इतक्या जवळच्या प्रवासाला दोन प्रकारची विमानं येतात. एक पंख्यांचं एटीआर ७२-६००, दुसरं जेट, म्हणजे एअरबस ३२० सारखं. एटीआरचा वेग हिशेबाला २६५ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) धरा, म्हणजे तासाला सुमारे ४९० किलोमीटर. एअरबस उंचीवर ४५० नॉटच्या आसपास जातं, पण इंदूर–नागपूरसारख्या टप्प्यात ते वर जाऊन स्थिरावतं न स्थिरावतं तोच खाली उतरायला लागतं, म्हणून सरासरी ४०० च धरावी.

आता भागाकार. एटीआर: २०६ भागिले २६५, म्हणजे ४७ मिनिटं. एअरबस: २०६ भागिले ४००, म्हणजे ३१ मिनिटं. दोन्हींत चढण, वळणं आणि उतरण्यासाठी १० मिनिटं घाला. मग जमिनीवरचं रांगणं, इथे आणि तिथे मिळून १२ मिनिटं. एटीआरला झाले ६९, एअरबसला ५३.

वेगात दीडपट फरक असूनही प्रवासात वाचली जेमतेम सोळा मिनिटं. जेट आहे म्हणून त्या तिकिटाला हजार रुपये जास्त मोजायची गरज नाही. त्याच पैशात सोयीच्या वेळेचं विमान घ्या.

प्रकार कसा ओळखायचा? तिकीट काढताना उड्डाणाच्या तपशिलात एटीआर की ए३२० हे लिहिलेलं असतं. इंडिगोच्या एटीआरचा क्रमांक बहुधा चार आकडी आणि ७ ने सुरू होणारा असतो.

एटीआरमध्ये बसण्याचीही एक रीत आहे. प्रवाशांचं दार मागे असतं, पुढच्या भागात सामान असतं. म्हणून शेवटच्या रांगांतले सगळ्यांत आधी उतरतात, आणि पुढची सीट हट्टाने मागून घेतलेला माणूस शेवटी. डोक्यावरचे कप्पे लहान असतात. चाकांची टम्म बॅग असेल तर शिडीपाशीच तिला चिठ्ठी लावून घेतात आणि उतरल्यावर तिथेच किंवा पट्ट्यावर देतात. तिथेच मिळणार असेल तर विमानाच्या पंखाजवळ चार-पाच मिनिटं उभं राहावं लागतं. औषधं आणि दागिने त्या बॅगेतून आधीच काढून पर्समध्ये ठेवा. एरोब्रिज एटीआरला सहसा मिळत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांसाठी चाकाच्या खुर्चीची नोंद तिकीट काढतानाच करा. ऐनवेळी मागितली की खुर्ची यायची वाट बघण्यात वेळ जातो.

वारा

हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर वरच्या थरांत पश्चिमेचे वारे जोरात असतात. समजा एटीआरच्या उंचीवर ३० नॉटचा पश्चिम वारा आहे. नागपूरकडे जाताना त्यातले सुमारे २६ पाठीशी येतात: वेग २९१, वेळ ४२ मिनिटं. परतताना तेच २६ छातीवर: वेग २३९, वेळ ५२ मिनिटं. जाता-येता दहा मिनिटांचा फरक. हिवाळ्याच्या वेळापत्रकात येणारं विमान जाणाऱ्यापेक्षा पाच-दहा मिनिटं जास्त दाखवत असेल तर कारण बहुधा हेच. पावसाळ्यात वाऱ्यापेक्षा ढग वेळ खातात, कारण गडगडाटी ढगांना वळसाच घालावा लागतो आणि त्याला सूत्र नाही.

तिकिटावरची वेळ म्हणजे नक्की काय

तिकिटावर ८:५० लिहिलंय म्हणजे विमान ८:५० ला हवेत नसतं. त्या वेळी चाकांखालचे अडसर निघून विमान जागेवरून हलतं. तसंच पोचण्याची वेळ म्हणजे धावपट्टीला चाकं टेकण्याची नव्हे, पार्किंगला थांबण्याची. या दोहोंमधल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. आपण काढलेली ६९ मिनिटं हीच.

कंपन्या त्यात थोडी सैल जागा ठेवतात. ६९ च्या जागी ७५ छापलं की दहा मिनिटं उशिरा सुटलेलं विमानही जवळपास वेळेवर पोचतं, आणि शिवाय १५ मिनिटांच्या आतला उशीर वक्तशीरपणाच्या हिशेबात उशीर धरलाच जात नाही. म्हणून छापील वेळेवर विसंबण्याऐवजी फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तो उड्डाण क्रमांक टाका. मागच्या काही दिवसांत विमान प्रत्यक्ष कधी सुटलं, कधी टेकलं ते ओळीने दिसतं. सरासरी काढत बसू नका. सगळ्यांत वाईट दिवस कोणता होता तो बघा आणि तेवढा उशीर आपल्यालाही होऊ शकतो असं धरा. आणखी एक बघा, ते विमान आधी कुठून येतं. सकाळचं पहिलं उड्डाण रात्रीच मुक्कामाला आलेल्या विमानाचं असेल तर उत्तम. दिवसभर चार गावं फिरून संध्याकाळी येणाऱ्या विमानावर चारही गावांचा उशीर साचलेला असतो.

सरकारी हिशेबही साधारण आपल्यासारखाच आहे. छोट्या शहरांसाठीची उडान योजना आखताना एक तासाचं उड्डाण म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर धरून त्याचं भाडं २,५०० रुपयांना बांधलं होतं. योजनेतलं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला गेलं.

घर ते घर, उलट्या बाजूने

हा हिशेब नेहमी शेवटाकडून मांडावा. समजा धरमपेठेत दुपारी १२:३५ चा मुहूर्त आहे. कार्यालयात पोचून, तोंड धुऊन, साडी नेसून अक्षता हातात घ्यायला ११:४५ पर्यंत तिथे असलं पाहिजे. विमानतळाबाहेरून धरमपेठ अर्धा तास, म्हणजे ११:१५ ला बाहेर पडायला हवं. बॅग पट्ट्यावर यायला २५ मिनिटं: १०:५०. त्यात फ्लाइटरडारवर दिसलेला वाईट दिवस घाला, समजा ५० मिनिटं: १०:००. म्हणजे तिकिटावर १० वाजता किंवा त्याआधी नागपूरला पोचणारं विमान हवं. ते इंदूरहून ८:५० च्या आसपास सुटेल.

काउंटर देशांतर्गत उड्डाणांना साधारण एक तास आधी बंद होतो: ७:५०. गेट २५ मिनिटं आधी. (तुमच्या कंपनीची वेळ तिकिटावर वाचून घ्या, तीच अखेरची.) रांगेसाठी अर्धा तास हाताशी ठेवून ७:२० ला दारात. रामबागेतून बडा गणपती, कालानी नगर, एअरपोर्ट रोड असा सकाळचा रस्ता ३५ मिनिटं धरा, म्हणजे पावणेसातला रिक्षा किंवा कॅब दारात उभी हवी. संध्याकाळचं विमान असेल तर याच रस्त्याला एक तास द्या. मेट्रोचा विचार सध्या नको: ३१ मे २०२५ ला सुरू झालेला पहिला टप्पा गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर एवढाच आहे, रामबागेला त्याचा उपयोग नाही.

विमान वेळेवर आलं तर पावणेसातला निघालेला माणूस अकराच्या आत धरमपेठेत असतो. सव्वाचार तास, त्यात हवेतला एक तासही नाही. असं विमान त्या दिवशी नसेल तर आदल्या संध्याकाळी जा. त्यानंतरच्या विमानाने मुहूर्त गाठायचं धाडस करू नये.

वेळ वाचवायची खरी जागा विमानात नाही, विमानतळावर आहे. घरूनच वेब चेक-इन करा. इंदूरला डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारी सोय) आहे, फोनमध्ये आधी नोंदणी केली असेल तर दाराशी ओळखपत्र दाखवायची रांग टळते. ७ किलोच्या हातबॅगेत भागत असेल तर मोठी बॅग नकोच. काउंटरची रांग आणि पट्ट्यावरची वाट, दोन्ही मिळून पाऊण तास सुटतो. आणि बॅग उघडायला लावणाऱ्या वस्तू टाळा. लग्नाला निघालेल्या घरात दोन हमखास असतात: तेलाचं लोणचं आणि सुकं खोबरं. लोणचं हातबॅगेत ठेवू नका. सुकं खोबरं तर चेक-इनच्या बॅगेतही चालत नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं. ओटीचं खोबरं नागपुरातच घ्या.

नागपूरला उतरल्यावर वर्धा रोडवर मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन आहे, पण ते टर्मिनलला लागून नाही. एकटे आणि हलक्या सामानानिशी असाल तर सीताबर्डीपर्यंत मेट्रो छान. शालू-पैठण्यांच्या बॅगा असतील तर टॅक्सी.

रेल्वेशी तुलना करायची तर वंदे भारत इंदूरहून सकाळी सहाच्या सुमारास निघून दुपारी अडीचच्या सुमारास नागपूरला पोचते. घर ते घर साडेनऊ तासांच्या आसपास, म्हणजे विमानाने पाच तास वाचतात. रस्त्याने हरदा–बैतूल करून साडेचारशे किलोमीटर, गाडीने पूर्ण दिवस. चार जण असतील आणि मुक्काम करायचा असेल तर मी रेल्वेच सुचवेन. एकट्याला, त्याच दिवशी कामाला लागायचं असेल तर विमान.

जाता जाता एक जुनी गोष्ट. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. चारही शहरांना नागपूर जवळपास मध्यावर पडतं, म्हणून ही जागा निवडली होती.

ग्वाल्हेर आणि बडोदा

हीच रीत ग्वाल्हेरला लावा. २६.२९ उत्तर, ७८.२३ पूर्व. अंतर येतं सुमारे २५२ सागरी मैल, म्हणजे ४६७ किलोमीटर. एटीआरला ५७ अधिक २२, एकूण ७९ मिनिटं. घर ते घर साडेचार तास धरा. रेल्वेने रात्र जाते, म्हणून थेट विमान असेल तर ते घ्यावं, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळचं नको. ग्वाल्हेरला त्या दिवसांत धुकं दाट पडतं. विमानतळ महाराजपूरच्या हवाई दलाच्या तळावर आहे, तेव्हा तिथे फोटोही काढू नका.

बडोदा २२.३४ उत्तर, ७३.२३ पूर्व. अंतर १४४ सागरी मैल, २६७ किलोमीटर; एटीआरला ५५ मिनिटं. ऐकायला झकास. पण थेट विमान नसेल तेव्हा संकेतस्थळ मुंबईमार्गे तिकीट दाखवतं आणि "हवाई अंतर २६७" वाचलेला माणूस ते काढूनही टाकतो. इंदूर–मुंबई ५०६, मुंबई–बडोदा ३६३, एकूण ८६९ किलोमीटर, म्हणजे सव्वातीन पट, शिवाय मुंबईतला मुक्काम. त्यापेक्षा अवंतिका एक्सप्रेसने बडोद्याला उतरावं किंवा दाहोद–गोधरा रस्त्याने गाडीने जावं.

थेट उड्डाणं कायमची नसतात. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. एप्रिलमधल्या लग्नाचं तिकीट जानेवारीत काढलं असेल तर मार्चअखेर एकदा पुन्हा तपासा. क्रमांक तोच राहून वेळ सरकलेली असू शकते.

उशीर झाला, रद्द झालं तर

पुढचं विमान धरायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरमध्ये घ्या. मग पहिल्याच्या उशिराने दुसरं चुकलं तर सोय करणं कंपनीचं काम. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण तिथे चुकलेलं विमान तुमचं. मध्ये किमान तीन तास ठेवा.

अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. ती मागावी लागते, आपणहून क्वचित येते. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं काय हवं ते तुम्ही ठरवायचं.

वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाने भरपाई मिळते आणि ती ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांत जे कमी असेल ते. म्हणजे बडोद्याचं ५५ मिनिटांचं विमान आणि नागपूरचं ७० मिनिटांचं, दोन्ही रद्द झाली तरी मर्यादा वेगळी. धुकं, वादळ अशी कारणं असली तर भरपाई नाही, पण पैसे परत किंवा दुसरं विमान तरीही मिळतं. काउंटरवर बोलायला जाताना मूळ तिकीट उघडून ठेवा, सुटण्याची आणि पोचण्याची छापील वेळ दिसेल असं. आणि रद्द झाल्याचा मेसेज किती वाजता आला त्याचा स्क्रीनशॉट काढलेला असू द्या.